नव्या गावात पत्ते सापडत नाहीत तेव्हा

जपानमध्ये मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या मिशनऱ्यांच्या बदल्या साधारण ६ आठवड्यांच्या हिशेबाने होतात. ते जोडीने काम करतात; जोडीतले दोघेही गावात नवे असले की पंचाईत: बहुतेक रस्त्यांना नावच नसतं, पत्ता म्हणजे वस्ती, गट आणि घर यांचे आकडे.

१. बॅगा टाकल्या की जवळचं ‘कोबान’, म्हणजे पोलीस चौकी गाठा. तिथे भागाचा मोठा नकाशा असतो. पत्ता दाखवला की वाट सांगतात.
२. खोली, चर्च, स्टेशन कागदावर काढा. वळणं दुकानांवरून लिहा: ‘न्हाव्याच्या फिरत्या खांबापाशी डावीकडे’.
३. रविवारी चर्चमधल्या एखाद्या आजींकडून कागद दुरुस्त करून घ्या. आजी शॉर्टकटही सांगतात!

आधीच्या मिशनऱ्याची सायकल मिळाली असेल तर पोलिसांकडची नोंदणी आपल्या नावावर करा. वाटेत हटकलं आणि जपानी कच्ची असली, तर संध्याकाळ तिथेच जाते.