खो-खोच्या मुलींना घड्याळ लावण्याआधी

तीन वर्षांपूर्वी मी एका मुलीला शाळेच्या खो-खो संघातून वगळलं, तेही 5 शतांश सेकंदांसाठी. 30 मीटरला तिची वेळ 5.21, दुसरीची 5.16. पंधरा दिवसांनी दोघींना पुन्हा पळवलं तर आकडे उलटे आले. तोवर तालुक्याच्या स्पर्धा होऊन गेल्या होत्या. ती मुलगी काही बोलली नाही, सरावाला येत राहिली. तेव्हापासून मी आधी चाचणी तपासते, मग मुली.

पहिली बघायची ती विश्वसनीयता. मुलगी तीच, मैदान तेच, तर आकडाही जवळपास तोच यायला हवा. सोमवारी सहा मुलींना पळवा, गुरुवारी त्याच वेळी पुन्हा. वॉर्म-अप तेवढाच, बूट तेच, घड्याळ धरणाराही तोच. मुरमावर सोमवारी पाणी मारलं असेल तर गुरुवारीही मारा, सुट्या मुरमावर पाय सरकतो. त्याआधी एक दिवस नुसती सवय होऊ द्या, तो आकडा वहीत नको.

मग प्रत्येकीचा फरक मांडा. समजा +0.05, −0.08, +0.12, −0.03, +0.10, −0.04 असे आले. मोबाइलवरच्या शीटमध्ये या फरकांचं प्रमाण विचलन, म्हणजे ते सरासरीभोवती किती पसरलेत ते काढा, ते 0.08 येतं. फरकात दोन्ही दिवसांची चूक मिसळलेली असते, म्हणून त्याला 1.41 (2 चं वर्गमूळ) ने भागलं की साधारण 0.06. एवढी तुमच्या मोजणीची नेहमीची चूक. दोघींत 0.05 चं अंतर असेल तर कोण वेगवान, हे त्या घड्याळाला सांगताच येत नाही. माझं नेमकं हेच चुकलं होतं.

शेवटच्या रेषेवर उभं राहून शिट्टी ऐकून घड्याळ दाबू नका. आवाज 30 मीटर यायला 0.09 सेकंद घेतो, तेवढी वेळ कमी भरते. सुरुवातीच्या रेषेवरच्याने रुमाल खाली आणलेला बघून दाबा, छाती रेषेवर आली की थांबवा. तिघांनी वेळ घेतली आणि तिन्ही वेगळ्या आल्या तर मधली धरा.

दुसरी सप्रमाणता. माझा जीव इथेच जास्त अडकतो. आकडा कितीही पक्का असला तरी तो खो-खोचा आहे का? आमच्या खेळात 30 मीटर सरळ पळतंय कोण! खो मिळाला की बसल्या जागेवरून उठायचं, एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत मागे फिरायचं नाही, मधली पाटी ओलांडायची नाही. म्हणून मी मुलीला चौकोनात बसवते, पाठीवर हात टेकला की घड्याळ सुरू, खांबाला वळसा घालून ती आपल्या चौकोनाशी परत आली की बंद. खांबाशी तिचा आतला पाय कुठे पडतो ते बघा. लांब पडला तर वळसा मोठा होतो आणि सरळ धावण्यात कमावलेलं सगळं तिथे जातं.

ही चाचणीही तपासावी लागते. आक्रमणात कोणी किती गडी बाद केले ते चार-पाच सामन्यांच्या गुणपत्रिकांतून काढा, त्यावरून मुलींचा क्रम लावा आणि शेजारी चाचणीचा क्रम लिहा. बऱ्यापैकी जुळले तर चाचणी ठेवा. संरक्षणासाठी ही चाचणी वापरू नका. बसलेल्या आठ जणींमधून हुलकावण्या देत टिकणं हे वेगळंच कसब आहे, तिथे मी बाद होईपर्यंतची मिनिटंच मोजते.

निवडीच्या दिवशी दोघींतलं अंतर चुकीच्या आत आलं तर आकडे बाजूला ठेवा. दोघींना सराव सामन्यात दोन-दोन पाळ्या खेळवा आणि दुसऱ्या एखाद्या शिक्षकाला सोबत बसवून निवड करा.