रॉकेटच्या नळीवर सरळ रेघ हवी? दाराची चौकट वापरा

मॉडेल रॉकेटचा पंख जरा तिरका चिकटला की रॉकेट वर जाताना गरगर फिरतं आणि उंची घटते. पंख ज्या रेघेवर चिकटवायचा, ती गोल नळीवर सरळ मारणं हीच खरी अडचण.

१. कागदाची पट्टी नळीभोवती गुंडाळा, टोक जुळतं तिथे खूण करा. पट्टी सोडून तीन पंखांसाठी तेवढ्या लांबीचे तीन सारखे भाग पाडा. परत गुंडाळून खुणा नळीवर उतरवा.

२. दार बंद झाल्यावर जिथे टेकतं, त्या चौकटीच्या खाचेत नळी घट्ट दाबून धरा. लाकडाच्या कडेला पेन्सिल टेकवून खुणेपासून ओढा.

कागदी नळीचा रेघेवरचा चकचकीत थर पॉलिश पेपरने हलकेच घासला, तर फेविकॉल कागदात मुरतो आणि पंख पक्का बसतो.

बॉलपेन मात्र नको. रंगाचे दोन हात दिले तरी शाई वर येते.