जुन्या पीसीवर लिनक्स टाकलं, आता 'आसेत्तो कोर्सा' चालवायची कशी?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि बऱ्याच घरांत एक चमत्कारिक पीसी उरला. गेम खेळायला धडधाकट, पण टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही किंवा प्रोसेसर जुन्या पिढीचा म्हणून विंडोज ११ ने दारातूनच परत पाठवलेला. माझाही त्यातलाच. त्यावर लिनक्स मिंट टाकलं, ब्राउझर आणि ऑफिसची कामं तासाभरात मार्गी लागली. घोडं अडलं ते टेबलाला कसलेल्या लॉजिटेक जी२९ या स्टिअरिंग व्हीलपाशी.

'आसेत्तो कोर्सा' ही कुनोस सिमुलाझिओनी या इटालियन स्टुडिओची कार रेसिंगची गेम. पूर्ण आवृत्ती डिसेंबर २०१४ मध्ये आली. पीसीसाठी ती फक्त विंडोजवर निघाली, तरी लिनक्सवर छान चालते. वाल्व्हने २०१८ मध्ये स्टीम या आपल्या गेमच्या दुकानात आणलेलं प्रोटॉन इथे दुभाष्याचं काम करतं: गेम विंडोजला हाक मारते, प्रोटॉन तीच हाक लिनक्सच्या भाषेत पोचवतं. चित्राचा भाग डीएक्सव्हीके सांभाळतं, ते विंडोजच्या डायरेक्टएक्स ११ चं व्हल्कन या लिनक्सवरही चालणाऱ्या ग्राफिक्स पद्धतीत रूपांतर करतं. त्यामुळे ग्राफिक्स कार्डाला व्हल्कन येणं गरजेचं.

सुरुवातीलाच एक खडा टाकतो. तुमचा जीव आयरेसिंगमध्ये किंवा ईएच्या डब्ल्यूआरसीमध्ये अडकला असेल, तर या रेसिंग गेम त्यांच्या अँटीचीटमुळे (फसवणूक रोखणाऱ्या प्रोग्रॅममुळे) लिनक्सवर चालत नाहीत. त्यांच्यासाठी विंडोजचं एक पार्टिशन राखून ठेवा. 'आसेत्तो कोर्सा काँपेटिझिओने' मात्र चालते. इतर गेमचं काय, ते प्रोटॉनडीबीवर खेळणाऱ्यांच्या नोंदी वाचून ठरवा.

पायरी १: पाया

मिंट पूर्ण अपडेट करा. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर ड्रायव्हर मॅनेजर उघडून त्यातला शिफारस केलेला ड्रायव्हर निवडा आणि पीसी रीस्टार्ट करा. एएमडीवाल्यांना इथे सहसा काहीच करावं लागत नाही.

मग सॉफ्टवेअर मॅनेजरमधून स्टीम घ्या. तिथे दोन प्रकार दिसतील, सिस्टिम पॅकेज आणि फ्लॅटपॅक. सिस्टिम पॅकेजच घ्या. फ्लॅटपॅक वाईट नाही, पण ते स्वतःच्या कुंपणात राहतं आणि पुढे व्हीलच्या परवानग्या, प्रोटॉनट्रिक्स (प्रोटॉनमध्ये विंडोजचे घटक टाकणारा प्रोग्रॅम) असल्या गोष्टी त्या कुंपणावरून उड्या मारत कराव्या लागतात.

गेम डाउनलोड करताना हमखास होणारी चूक म्हणजे जुन्या विंडोजच्या डिस्कवर आधीच पडलेला गेमचा फोल्डर तसाच वापरणं. ती डिस्क एनटीएफएस या विंडोजच्या पद्धतीची असते. प्रोटॉन जे फोल्डर तयार करतं त्यात कोलन (:) असलेली नावं असतात, आणि एनटीएफएसवर ती अनेकदा तयारच होत नाहीत. गेम लिनक्सच्या ईएक्सटी४ पार्टिशनवर नव्याने उतरवा.

पायरी २: नुसती गेम, अंगावर दागिने न घालता

आधी प्रोटॉन ठरवा. मी जीई-प्रोटॉन ही प्रोटॉनची सुधारित आवृत्ती वापरतो. ते प्रोटॉनअप-क्यूटी या छोट्या प्रोग्रॅममधून दोन क्लिकमध्ये येतं. स्टीम बंद करून पुन्हा उघडा, गेमवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जा, तिथल्या कंपॅटिबिलिटी भागात ठरावीक आवृत्ती वापरण्याची खूण करा आणि यादीतून ती निवडा. एकदा निवडली की तिला हात लावू नका. दर महिन्याला नवी आवृत्ती येते, हात शिवशिवतात, पण खालचं सगळं काम याच आवृत्तीवर उभं राहणार आहे.

आता प्ले दाबा. मूळ लाँचर (गेम सुरू करणारी खिडकी) उघडेल किंवा नुसती पांढरी चौकट दिसेल. काहीही झालं तरी घाबरू नका. या पहिल्या प्रयत्नाचा हेतू एवढाच की प्रोटॉनने गेमसाठी स्वतःचं छोटं विंडोज तयार करावं. ते स्टीमच्या फोल्डरमध्ये कॉम्पॅटडेटा या नावाखाली, २४४२१० या आकड्याच्या फोल्डरात असतं. हा आकडा म्हणजे स्टीमवरचा या गेमचा क्रमांक. कागदावर लिहून ठेवा, पुढे पुन्हा लागेल.

पायरी ३: डॉटनेट

लाँचर अडतो तो बहुतेक वेळा डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्या घटकापाशी, आणि पुढच्या पायरीतल्या काँटेंट मॅनेजरलाही तेच लागतं. त्यासाठी प्रोटॉनट्रिक्स इन्स्टॉल करून उघडा. यादीतून आसेत्तो कोर्सा निवडा, मग डिफॉल्ट प्रीफिक्स, मग विंडोजचे घटक इन्स्टॉल करण्याचा पर्याय. त्या लांबलचक यादीत डॉटनेट ४७२ वर टिक करा. फाँटच्या यादीत कोअरफाँट्स आहे, तेही घ्या, नाहीतर काँटेंट मॅनेजरमध्ये काही ठिकाणी अक्षरांऐवजी चौकोन दिसतील.

हे काम रेंगाळतं. मायक्रोसॉफ्टचे एकामागून एक इन्स्टॉलर उघडतात, मधेच एखादा रीस्टार्ट करायला सांगतो (होकार द्या, पीसी बंद होत नाही), मधेच दहा मिनिटं काहीच हलत नाही. तुमच्याकडे लाइट जायची ठरलेली वेळ असेल तर ती टाळा. माझं पहिल्या खेपेला अर्ध्यातच तुटलं आणि अर्धवट डॉटनेटवर पुन्हा डॉटनेट बसेना. शेवटी गेम बंद करून २४४२१० चा फोल्डर पूर्ण उडवला आणि दुसऱ्या पायरीपासून पुन्हा सुरुवात केली. गेमच्या फाइली वेगळ्या जागी असतात, त्यामुळे डाउनलोड वाया गेलं नाही.

पायरी ४: काँटेंट मॅनेजर

मूळ लाँचरपेक्षा काँटेंट मॅनेजर कितीतरी पटीने सोयीचा आहे, हे ही गेम खेळणारा कोणीही सांगेल. मॉड (इतरांनी बनवलेल्या गाड्या, ट्रॅक) टाकायचे तर त्याला पर्याय नाही. तो त्याच्या अधिकृत साइटवरून उतरवा. स्टीममध्ये गेमवर राइट क्लिक करून मॅनेजमधून लोकल फाइल्स उघडा. तिथली आसेत्तो कोर्सा नावाची एक्सई फाइल शोधा आणि तिच्या नावाला शेवटी ओरिजिनल जोडून ती बाजूला ठेवा. मग काँटेंट मॅनेजरच्या एक्सईला आसेत्तो कोर्साचं तेच जुनं नाव द्या, अक्षरं, कॅपिटल, सगळं जसंच्या तसं, आणि तिला त्या जागी बसवा. आता स्टीमवर प्ले दाबलं की उघडेल तो काँटेंट मॅनेजर.

तो पहिल्यांदा गेमचा फोल्डर विचारतो. प्रोटॉनच्या जगात तुमची अख्खी लिनक्स डिस्क झेड ड्राइव्ह म्हणून दिसते, तिथून वाट काढत जा. स्टीमचं खातं त्याला सापडत नसेल, तर स्टीमच्या कॉन्फिग फोल्डरातली लॉगिनयूजर्स ही फाइल उचला आणि २४४२१० मधल्या सी ड्राइव्हच्या प्रोग्रॅम फाइल्स (एक्स८६) मध्ये, स्टीमच्या कॉन्फिग फोल्डरात तिची प्रत ठेवा. फोल्डर नसेल तर तयार करा.

कस्टम शेडर्स पॅच हवा असेल (पाऊस, रात्र, सुधारलेला प्रकाश), तर तो काँटेंट मॅनेजरमधूनच बसतो, पण लिनक्सवर नुसता बसवून चालू होत नाही. प्रोटॉनट्रिक्समधून वाइनचं (प्रोटॉन ज्यावर उभं आहे तो प्रोग्रॅम) कॉन्फिगरेशन उघडा, लायब्ररीजच्या भागात डी, डब्ल्यू, आर, आय, टी, ई ही अक्षरं सलग टाइप करून ती लायब्ररी जोडा आणि आधी नेटिव्ह, मग बिल्टइन असा क्रम ठेवा. मात्र हे सगळं व्हील चालायला लागल्यावर करा. दोन भानगडी एकदम काढल्या की कोणती कुठे बिघडली ते कळत नाही.

पायरी ५: व्हील

चित्र दिसलं, आवाज आला, म्हणजे गेम चालली असं मी मानत नाही. हातात रस्ता जाणवला पाहिजे.

जी२९ च्या माथ्यावर पीएस३ आणि पीएस४ अशी सरकपट्टी असते. ती पीएस३ वर हवी. अडॅप्टर आणि यूएसबी जोडलं की व्हील स्वतःच दोन्हीकडे पूर्ण फिरून मध्यावर येतं. जी२९ चा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) आहे, वेगळं काही उतरवायचं नाही. थ्रस्टमास्टर टी३०० वाल्यांना मात्र एचआयडी-टीएमएफएफ२ हा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो, आणि सिक्युअर बूट (सही नसलेलं अडवणारी पीसीची सुरक्षा) चालू असेल तर त्यावर सही करण्याचा उपद्व्यापही. मोझासारखं डायरेक्ट ड्राइव्ह (थेट मोटरवर बसवलेलं) व्हील असेल तर ६.१५ किंवा त्यानंतरचं कर्नल घ्या, त्यात अशा व्हीलसाठीचा ड्रायव्हर आलेला आहे.

गेम उघडायच्या आधी जेएसटेस्ट-जीटीके मध्ये पाहा: व्हील फिरवल्यावर एक पट्टी हलते का, तिन्ही पेडलच्या तीन वेगळ्या पट्ट्या आहेत का. इथे दिसत नसेल तर गेममध्ये शोधून उपयोग नाही. मग ओव्हरस्टिअर हा प्रोग्रॅम उघडा आणि फिरण्याचा कोन ९०० अंश करा. पेडल एकत्र करण्याचा पर्याय बंद ठेवा. कोन एकदा ९०० वर ठेवला की प्रत्येक गाडीचं स्टिअरिंग किती फिरतं ते गेम स्वतः जुळवते, फॉर्म्युला गाडीसाठी दरवेळी बदलत बसू नका.

स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमधल्या कंट्रोलर भागात जाऊन स्टीम इनपुट बंद करा. हे विसरलात तर व्हील गेमपॅडसारखं वागतं, फोर्स फीडबॅक (रस्ता हाताला जाणवून देणारा व्हीलचा जोर) गायब होतो आणि माणूस रात्रभर ड्रायव्हरला शिव्या देत बसतो. मी बसलो होतो.

आता काँटेंट मॅनेजरच्या कंट्रोल्समध्ये व्हील, गिअर, पेडल एकेक करून नेमा. पेडल उलटं वागत असेल, म्हणजे पाय उचलल्यावर गाडी पळत असेल, तर त्या अक्षापुढे उलटं करण्याची खूण आहे.

पहिली चाचणी मॅजिओने ट्रॅकवर अबार्थ ५०० घेऊन करा. छोटा ट्रॅक, संथ गाडी, चुका लगेच कळतात. माउस स्क्रीनच्या उजव्या कडेला नेला की छोट्या अॅप्सची पट्टी उघडते. त्यातलं पेडलचं अॅप घ्या. त्यात फोर्स फीडबॅकची एक उभी पट्टी असते. वळणात ती लाल होत असेल तर गेम व्हीलच्या ताकदीबाहेरचं काही मागते आहे, आणि टायर घसरायला लागल्याची जी बारीक खूण हाताला मिळायला हवी ती त्या लालीत बुडून जाते. गेन (फोर्स फीडबॅकची ताकद) पाच-पाच टक्क्यांनी कमी करत जा, लाल फक्त कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर) क्षणभर चमकेपर्यंत. व्हील हलकं वाटेल, वाटू द्या. आणि ते नेमकं उलट दिशेला ओढत असेल, म्हणजे सरळ रस्त्यावरही कडेला पळत असेल, तर फोर्स फीडबॅकची दिशा उलटवा.

हे जमलं की २४४२१० चा अख्खा फोल्डर कॉपी करून दुसऱ्या डिस्कवर ठेवा. शेडर्स पॅच, मॉडच्या गाड्या, २०.८ किलोमीटरचा नॉर्डश्लाइफ ट्रॅक, सगळं त्याच्यानंतर.