बंदूक गाडीतून नेताना, आणि थोडा वेळ गाडीत ठेवावी लागली तर

कोकणात शेतीसंरक्षणाची बारा बोअर बंदूक बऱ्याच घरांत आहे आणि इलेक्शन आलं की बऱ्याचदा ती पोलीस स्टेशनला जमा करायला न्यावी लागते, तेव्हा लोक ती चादरीत गुंडाळून मागच्या सीटवर टाकतात, ते प्लीज करू नका.

निघायच्या आधी घरीच, नळी मोकळ्या दिशेला धरून, बंदूक उघडा. चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, डोळ्यांनी बघा आणि बोट घालूनही बघा, डबल बॅरल म्हणजे दोन नळ्यांची असेल तर दोन्ही. मग नळीखालचं पुढचं लाकूड काढून नळी आणि दस्ता वेगळे करा, पाच मिनिटांचं काम आहे, आणि कडक केसमध्ये ठेवून कुलूप लावा. काडतुसं वेगळ्या डब्यात, तोही कुलूपबंद. चावी खिशात, गाडीच्या किल्लीच्या जुडग्यात नको. ओरिजिनल लायसन सोबतच हवं, आणि त्यावर लिहिलेल्या एरियाबाहेर जाऊ नका.

केस डिकीत. बोलेरोसारख्या गाडीला बंद डिकी नसते, मग सीटच्या खाली सरकवून जाड वायर-केबलने सीटच्या लोखंडी फ्रेमला बांधा आणि वरून झाका. हे सगळं घरीच करा, बाजारात गाडी लावून सगळ्यांसमोर नको.

मला विचाराल तर वाटेत चहालासुद्धा थांबू नका. थांबलातच तर एकाने गाडीतच बसावं, पण पोरांना गाडीत एकटं ठेवून जायचं अजिबात नाही. रात्रभर तर गाडीत ठेवायचीच नाही, काच फोडायला कितीसा वेळ लागतो. चोरीला गेलीच तर लगेच जवळच्या पोलीस स्टेशनला कळवा, म्हणून बंदुकीचा नंबर मोबाईलमध्ये लिहून ठेवा. जमा केल्यावर पावती घ्या, नंबर जुळतोय का तिथेच बघा.