फँडेल्व्हरमध्ये बोजेंटलचं पुस्तक मध्येच लटकतं? मी ते असं मार्गी लावलं

'लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर' (2014) हे डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका-खेळाचं छापील साहस खेळाडूंसाठी चालवताना अडचण ही: सिस्टर गराएल ही पुजारीण त्यांना बोजेंटल या जादूगाराचं मंत्रांचं पुस्तक शोधायला अगाथा या भुताकडे पाठवते, आणि अगाथा सांगते की ते शंभराहून जास्त वर्षांपूर्वी इरिएबोर शहरातल्या त्सर्नोथ या नेक्रोमॅन्सरला (मृतांची जादू करणाऱ्याला) दिलं. पुढे छापील पानांत काहीच नाही, आणि आमची मंडळी मुख्य कथेतल्या खाणीचा शोध सोडून इरिएबोरला निघाली. 'फार लांब आहे रे' म्हणून पाहिलं, मग विषय टाळून पाहिला. तीन रविवार डोकं उठलं.

चाललं ते असं. आधी खेळाडूंनाच विचारून अर्धवट राहिलेले प्रश्न कागदावर उतरवले. जे कोणालाच आठवलं नाही ते सरळ सोडलं. माझ्या यादीतले नऊचे चार झाले! मग नवं पात्र न आणता पुस्तकाचा धागा याच साहसातल्या, ओल्ड आउल वेल या पडक्या जागी भेटणाऱ्या हामुन कोस्टला बांधला. तोही नेक्रोमॅन्सरच, त्यामुळे त्सर्नोथकडून ते हातोहात त्याच्यापर्यंत आलं हे पटतं. अगाथाचं उत्तर मात्र बदललं नाही, ते सगळ्यांनी ऐकलेलं होतं. शेवटी कोस्टच्या तंबूतल्या पेटीत पुस्तक ठेवलं: मेणाचे डाग, पहिल्या पानावर त्सर्नोथची सही. मंडळींनी पुस्तक सिस्टर गराएलला दिलं. इरिएबोरचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.