चेक इंजिन लाइट लागली तर पार्ट बदलायच्या आधी घरी काय काय तपासायचं

आधी लाइट कशी लागलीय ते बघा. पिवळी आहे, एकसारखी लागून राहिलीय आणि गाडी नेहमीसारखी चालतेय तर घाबरायचं कारण नाही, घरी या, निवांत तपासा. पण तीच लाइट उघडझाप करत असेल आणि गाडी झटके मारत असेल तर पाय उचला, कडेला घ्या. मिसफायर होतोय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाहीये, आणि ते न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा पार्ट) तापवतंय, आणि तो पार्ट केवढ्याला येतो ते शोरूमला विचारून बघा एकदा. लाल रंगाची ऑइलची किंवा टेम्परेचरची लाइट ही वेगळी भानगड, ती लागली तर गाडी थांबवून इंजिन जागेवर बंद करा.

आता स्कॅनर. देशभर एप्रिल २०१७ पासून बीएस-४ हे धुराचे नियम आणि एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, त्यामुळे या काळातली गाडी असेल तर स्टिअरिंगखाली डॅशबोर्डच्या आत १६ पिनचं ओबीडी पोर्ट (गाडीचा कॉम्प्युटर तपासायचं सॉकेट) मिळेलच, मोबाइलचा टॉर्च मारून खाली वाकून बघा. त्यात ईएलएम ३२७ नावाचा ब्लूटूथ डोंगल बसतो, ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळतो, आणि मोबाइलवर टॉर्क किंवा कार स्कॅनर असं एखादं अ‍ॅप टाकायचं. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथवाला घेऊ नका, जोडलाच जात नाही, वायफायवाला किंवा ब्लूटूथ ४.० वाला बघून घ्या. चावी ऑन करायची, डोंगल लावायचा, स्कॅन.

कोड (बिघाडाचा नंबर) आला की लोकांचं बोट लगेच ‘क्लिअर’वर जातं. थांबा जरा!! आधी कोडचा स्क्रीनशॉट घ्या आणि फ्रीझ फ्रेम उघडा, म्हणजे कोड पडला त्या क्षणी आरपीएम किती होता, स्पीड किती, इंजिन गार होतं का गरम, सगळं तिथे लिहिलेलं असतं, आणि क्लिअर केलं की ते पण जातं. बॅटरीची वायर काढून लाइट घालवायची जी युक्ती सगळे सांगतात त्यात पण हेच होतं, पुरावा गायब आणि दुखणं तिथेच.

दुसरं म्हणजे कोडमध्ये ज्या पार्टचं नाव येतं तो गेला असं समजू नका. पी०१३० आला याचा अर्थ एवढाच की ऑक्सिजन सेन्सरच्या सर्किटमधून येणारं रीडिंग ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) पटत नाहीये, मग ते सेन्सरमुळे असेल, कपलर (वायरचा कनेक्टर) सैल असेल नाहीतर वायर तुटली असेल. नुकताच एअर फिल्टर बदललाय आणि पी०११३ (आत येणाऱ्या हवेच्या तापमानाच्या सेन्सरचा कोड) आला तर नव्वद टक्के वेळा, म्हणजे माझ्या अंदाजाने हो, तिथला कपलर लावायचा राहिलेला असतो. आणि आपल्याकडे उंदीर! पार्किंगमध्ये गाडी आठवडाभर उभी असेल तर बोनेट उघडून आधी वायरिंगच बघा, लेंड्या दिसल्या की समजून जा. व्हिडिओत पेट्रोलचं झाकण घट्ट करायला सांगतात, करा, पैसे पडत नाहीत, पण त्यावर थांबू नका.

मिसफायरचं निदान घरी सगळ्यात छान होतं. पी०३०१ म्हणजे एक नंबर सिलिंडर, पी०३०२ म्हणजे दोन नंबर, आणि पी०३०० म्हणजे एक ठरावीक नाही, कुठलाही किंवा एकापेक्षा जास्त. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) असलेली गाडी असेल तर इंजिन गार होऊ द्या, चावी बंद, एक नंबरची कॉइल काढून दोनवर लावा आणि दोनची एकवर, बऱ्याच गाड्यांत १० नंबरचा एकच बोल्ट असतो. आता कोड क्लिअर करून चालवा. पी०३०२ आला तर कॉइलच गेलीय, पी०३०१ च राहिला तर कॉइल चांगली आहे, आता प्लगची अदलाबदल करून तसंच बघा, तरी हलला नाही तर इंजेक्टर नाहीतर कॉम्प्रेशन, आणि ते मेकॅनिककडे. पावसाळ्यात कॉइलच्या खोबणीत पाणी साचलेलं पण सापडतं, ते पुसून वाळवलं तरी कधी कधी काम होतं.

पी०१७१ म्हणजे हवा जास्त किंवा इंधन कमी. अ‍ॅपमध्ये फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीयू इंधन किती टक्के वाढवतंय किंवा कमी करतंय, शॉर्ट (त्या क्षणाची) आणि लाँग (बऱ्याच वेळाची) दोन्हीची बेरीज साधारण उणे १० ते अधिक १० टक्क्यांत असावी. आयडलिंगला अधिक २० आणि २५०० आरपीएमला जवळजवळ शून्य झाली तर कुठूनतरी हवा शिरतेय, होजपाइप तपासा. उलट रेस केल्यावर वाढत गेली तर इंधन पुरत नाहीये, फिल्टर, पंप. हे एमएएफ (आत येणारी हवा थेट मोजणाऱ्या) सेन्सरवाल्या गाडीला नीट लागू पडतं, एमएपीवाल्या (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या) गाडीत हवेची गळती असेल तर ट्रिमपेक्षा आयडलिंगच वर चढलेलं दिसतं. सीएनजी असेल तर पेट्रोलवर आणि गॅसवर दोन्हीकडे ट्रिम बघा, पेट्रोलवर ठीक आणि गॅसवर बिघडत असेल तर किटचं ट्यूनिंग, गॅस फिल्टर आणि रेड्युसर (गॅसचा दाब कमी करणारा) बघायला सांगा, उगाच सेन्सर बदलत बसू नका. पी०४२० (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाहीये) आला की कन्व्हर्टर बदलायला सांगणारे भेटतील, त्याआधी मिसफायर नाही ना आणि सायलेन्सरला कुठे लीक नाही ना ते बघून घ्या.

बीएस-६ डिझेलमध्ये पी२४६३ म्हणजे डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) काजळी साठलीय, रोज दोन-चार किलोमीटरच गाडी फिरत असेल तर हे होणारच. मॅन्युअलमध्ये रीजनरेशनसाठी (ती काजळी जाळून टाकण्यासाठी) किती वेगाने किती वेळ चालवायचं ते दिलेलं असतं, तसं हायवेला एकसलग चालवा.

दुरुस्ती झाल्यावर क्लिअर करा. नाही केलं तरी फॉल्ट परत आला नाही तर साधारण सलग तीन ड्राइव्ह सायकलनंतर (गाडी सुरू करून, चालवून, बंद करणं म्हणजे एक) लाइट आपोआप जाते. आणि हाच डोंगल सेकंडहँड गाडी बघायला जाताना खिशात ठेवा. चावी ऑन केल्यावर चेक इंजिन लाइट एकदा लागलीच पाहिजे, नाही लागली तर कुणीतरी काढून ठेवलेली असू शकते. आणि अ‍ॅपमध्ये रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते सांगणारे) बरेचसे ‘अपूर्ण’ दाखवत असतील तर तुम्ही यायच्या आधीच कोड क्लिअर केलेले असू शकतात, तेव्हा मालकाला सांगा की दोन-तीन दिवस चालवून परत दाखवा, मग भावाचं बोलू.