कॅरव्हॅनच्या पत्र्याची भोकं पावसाआधी बुजवा

जुना हुक किंवा ब्रॅकेट काढला की कॅरव्हॅनच्या बाहेरच्या अ‍ॅल्युमिनियम पत्र्यावर भोकं उरतात. मुंबईचा आडवा पाऊस एवढ्याशा भोकातूनही आत शिरतो आणि मागचं प्लायवूड कुजवतो. म्हणून आधी भोकाभोवती अंगठ्याने दाबून बघा. पत्रा आत दबला तर नुसतं वरून लिंपून काही होणार नाही, कुजलेलं लाकूड आधी काढावं लागेल.

स्क्रूएवढं भोक सोपं. कडा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. इपॉक्सी पुटीचे दोन्ही भाग एकाच रंगाचे दिसेपर्यंत मळा आणि आतपर्यंत दाबा. कडक झाली की घासून प्रायमर, रंग.

रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या भोकाला अ‍ॅल्युमिनियमचंच ठिगळ लावा, कोपरे गोल कापून. खाली ब्युटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी), वरून अ‍ॅल्युमिनियमचे पॉप रिव्हेट (बाहेरूनच रिव्हेट गनने बसवायचे धातूचे खिळे). ते बंद तोंडाचे घ्या, साध्या रिव्हेटच्या मधूनच पाणी झिरपतं. घरात पडलेले लोखंडी स्क्रू तर मुळीच नकोत. खाऱ्या हवेत ते शेजारचं अ‍ॅल्युमिनियम खातात. हे सगळं मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर दुकानांत शोधा.

कडांना पॉलियुरेथेन सीलंट. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन धातूला बाधतं, शिवाय त्यावर रंग धरत नाही.

सीलंट पूर्ण वाळलं की पाइपने पाणी मारा, आणि आत कुणाला तरी टॉर्च देऊन बसवा.